पीएच.डी.नंतरची मुशाफिरी

'मॉडेलिंग' हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रॅम्पवर झोकात चालणारी मंडळी येतात. विज्ञानातलं मॉडेलिंग निराळं. तिथं मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची गणितात उभी केलेली प्रतिकृती. मराठीत तिला 'प्रतिमान' म्हणतात. ढग, साथीचा रोग, रक्तवाहिनी, शेअर बाजार, धरणातला गाळ या गोष्टी आहेत तशा उचलून प्रयोगशाळेत आणता येत नाहीत. मग त्यातल्या मुख्य बाबी निवडायच्या, त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं समीकरणात मांडायचं आणि ते समीकरण कागदावर किंवा संगणकावर चालवून पुढं काय होतं ते पाहायचं. हे काम शिकलेल्या तरुणांपुढं पीएच.डी. झाल्यावर एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. आपण नक्की कुठल्या विषयाचे? आणि काम शोधायचं ते कुठल्या दारात? आज त्याविषयी बोलायचं आहे.

मी कवी माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. गणिताची नि माझी भेट दहावीच्या पेपरानंतर फारशी झाली नाही. तरी हा विषय घेतला, कारण हा प्रश्न आमच्या घरातच मुक्कामाला आला होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीनं नदीच्या पाण्यातून गाळ कसा वाहतो आणि कुठं बसतो, याचं प्रतिमान तयार करून पीएच.डी. मिळवली. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी आपानं लेकीला विचारलं, "आता नोकरी ना?" लेक म्हणाली, "आता पोस्टडॉक." "म्हणजे आणखी शिक्षण?" "शिक्षण नाही अम्मी, काम. पण दोन-तीन वर्षांचं." "आणि त्यानंतर?" या प्रश्नाला भाचीकडं उत्तर नव्हतं. वर ती मला म्हणाली, "मामू, मला गाळ सोडून दुसऱ्या विषयात जायचंय. जाता येईल का?" पुढचं जवळजवळ वर्षभर तिच्याबरोबर मीही हे जग पाहिलं. जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतो. तुमच्या घरात, शेजारात असं एखादं लेकरू असेल तर उपयोगी पडेल.

आधी पोस्टडॉक म्हणजे काय ते पाहू. पीएच.डी. झालेला माणूस एखाद्या संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठात ठरावीक मुदतीसाठी पगारी संशोधक म्हणून राहतो, ती ही जागा. तो विद्यार्थी नसतो आणि कायम नोकरदारही नसतो. सुतारकामात उमेदवारी संपलेला कारागीर स्वतःचं दुकान टाकण्याआधी दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडं चार हंगाम काढतो, तसंच काहीसं. प्राध्यापकी किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा हवी असेल तर विज्ञानाच्या बहुतेक शाखांत ही पायरी आता चुकत नाही. आणि विषय बदलायचा असेल तर तो बदलण्याची सगळ्यात सोयीची वेळ हीच. त्याआधी हात तयार झालेला नसतो. त्यानंतर खुर्ची मिळालेली असते, आणि ज्या विषयाची खुर्ची, त्याच विषयाचं काम माणसाकडून अपेक्षित असतं.

पण विषय बदलता येतो का, हा भाचीचा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला आपल्या मुंबईच्या एका जुन्या हकिगतीत सापडलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं अनेक वर्षं ठाण मांडून बसला. दर आठवड्याला किती माणसं गेली याची नोंद सरकारदरबारी होत होती. त्यातले डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळाचे आकडे वीस वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथल्या दोघांनी हाती घेतले. एक होते अँडरसन मॅकेंड्रिक. हे डॉक्टर, हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिलेले. दुसरे विल्यम केरमॅक. हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. या डॉक्टरानं आणि या दृष्टिहीन रसायनशास्त्रज्ञानं मिळून १९२७ मध्ये साथीच्या रोगांचं गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात लोकांचे गट पाडले होते: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. एका गटातून दुसऱ्या गटात माणसं कुठल्या वेगानं जातात, एवढंच समीकरणात घातलं. त्यातून निघालेली वक्ररेषा मुंबईतल्या मृत्यूंच्या आकड्यांशी बरीचशी जुळली. प्लेग उंदरांतून येतो हे दोघांनाही माहीत होतं. माणसांमधला प्लेग म्हणजे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब, असं धरून आपण चाललो आहोत, हे त्यांनी मोकळेपणानं लिहूनही ठेवलं. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा जगभर जी गणितं मांडली गेली, त्यातल्या बहुतेकांचा पाया मुंबईच्या आकड्यांवर तपासलेलं हेच प्रतिमान होतं.

मॅकेंड्रिक यांना गणिताकडं वळवणारे होते रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले, १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे आणि १९०२ चं नोबेल मिळवणारे. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की मलेरिया आपोआप ओसरतो, एकूण एक डास मारावा लागत नाही, हे त्यांनी गणितानं दाखवलं. हे रॉस कविताही लिहीत, हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी उगीचच जवळीक वाटायला लागली.

डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि पुन्हा डॉक्टर. तिघांपैकी एकही पेशानं गणितज्ञ नव्हता. मग हे शक्य कसं झालं? याचं उत्तर मला माझ्या धंद्यातून समजलं. भुजंगप्रयात हे वृत्त घ्या. समर्थांचे मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत आणि शाळेतली पोरं मास्तरांची टिंगल करायला जे विडंबन रचतात तेही पुष्कळदा त्याच वृत्तात असतं. वृत्ताला आशयाशी देणंघेणं नसतं. ते मात्रा नि गण पाहतं. समीकरणाचंही तसंच. उष्णता लोखंडाच्या कांबीतून कशी पसरते याचं समीकरण फ्रान्सच्या फूरिये यांनी १८२२ मध्ये ग्रंथरूपात मांडलं. शाईचा थेंब पाण्यात पसरतो तो त्याच समीकरणानं. आणि १९७३ मध्ये शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढण्याचं ब्लॅक आणि शोल्स यांचं जे सूत्र आलं, त्याचं समीकरणही थोडी मांडामांड केली की उष्णतेचंच होतं.

भाचीच्या गाळाचंही मूळ सूत्र असंच फिरस्ता निघालं. द्रवातून खाली बसणाऱ्या बारीक कणाला किती विरोध होतो, हे स्टोक्स यांनी १८५१ मध्ये सांगितलं. गाळाचा कण त्याच सूत्रानं तळाशी जातो. पुढं अमेरिकेत मिलिकन यांनी तेलाचे थेंब हवेत तोलून इलेक्ट्रॉनवरचा विद्युत्भार मोजला, तेव्हाही हेच सूत्र वापरलं. वाहत्या माध्यमात तरंगणारे कण, एवढंच तिच्या कामाचं सार काढलं तर किती दारं उघडतात पाहा. ढगातले पाण्याचे थेंब, ज्वालामुखीची राख, खोकल्यातून उडणारे तुषार, समुद्रातले सूक्ष्म जीव, रक्तातल्या पेशी, आणि नव्यानं जन्मलेल्या ताऱ्याभोवतीची धूळ, जिच्यातून पुढं ग्रह घडतात. मी तिला एका वहीत ही यादी करायला लावली. पोस्टडॉक शोधण्याची पहिली पायरी हीच असावी असं मला वाटतं. आपल्या प्रबंधाचं नाव बाजूला ठेवायचं, आपल्याला करता काय येतं ते एका ओळीत लिहायचं, आणि तेच काम आणखी कुठं लागतं याची यादी करायची.

या मुशाफिरीचा आदर्श म्हणून मी रॉबर्ट मे यांचं नाव घेईन. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात १९५९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली. मग दोन वर्षं हार्वर्डमध्ये उपयोजित गणित. पुढं ते परिसरविज्ञानाकडं वळले आणि प्रिन्स्टन विद्यापीठात प्राण्यांच्या संख्येची गणितं करू लागले. एखाद्या प्राण्याची संख्या अगदी साध्या नियमानं वाढत असली तरी ती विलक्षण बेभरवशाची वागू शकते, हे १९७६ मधल्या त्यांच्या लेखानं सर्वदूर पोचवलं. नंतर साथीचे रोग. १९९५ ते २००० या काळात ब्रिटिश सरकारचे प्रमुख विज्ञान सल्लागार. आणि २०११ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या अँड्र्यू हॉल्डेन यांच्यासह त्यांनी बँका एकापाठोपाठ एक का कोसळतात यावर लेख लिहिला. त्यात जंगलातल्या अन्नसाखळीचं गणित बँकांना लावून पाहिलं होतं. २०२० मध्ये ते गेले. मे यांच्या चरित्रात माझं लक्ष वेधलं ते एका गोष्टीनं. प्रत्येक नव्या विषयात गेल्यावर ते त्या विषयातल्या जाणकारांबरोबर बसून काम करत राहिले.

आता प्रत्यक्ष जागांकडं येऊ. या जागा तीन तऱ्हेच्या असतात आणि तिन्हींची रीत वेगळी.

पहिली तऱ्हा प्रकल्पाची. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी पैसे मिळालेले असतात, त्यातून तो माणूस नेमतो. इथं प्रश्न त्याचा, काम तुमचं. जाहिरात निघते, पण पुष्कळदा जाहिरात निघण्याआधीच त्याच्या मनात दोन-तीन नावं असतात. आपल्याकडं अशा प्रकल्पांवर रिसर्च असोसिएट नेमतात. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार त्याची सुरुवात दरमहा ५८,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता अशी ठरली.

दुसरी तऱ्हा संस्थेच्या स्वतःच्या फेलोशिपची. इथं संस्था निवड करते आणि काम निवडायची मोकळीक बरीच असते. विषयांच्या भिंती न मानणाऱ्यांना हीच जास्त मानवते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातली सांता फे इन्स्टिट्यूट १९८४ मध्ये याच हेतूनं निघाली. तिथं शहरं, मुंग्या, भाषा आणि बाजारपेठा यांचा अभ्यास एकाच छपराखाली चालतो. न्यूयॉर्कची फ्लॅटायरन इन्स्टिट्यूट तर निव्वळ संगणकी विज्ञानासाठी आहे. खगोल, जीवशास्त्र, मेंदूविज्ञान, पुंजभौतिकी आणि गणित अशी तिची केंद्रं. जर्मनीत ड्रेस्डेन इथं जटिल प्रणालींच्या भौतिकीची माक्स प्लांक संस्था आहे. इटलीतल्या त्रिएस्ते इथं अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी उभं केलेलं केंद्र आहे. ते सैद्धांतिक भौतिकीसाठी निघालं, आज तिथं सजीवांच्या गणिती अभ्यासाचाही विभाग आहे. आपल्याकडं बंगळुरूचं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आयसीटीएस, तिथलंच एनसीबीएसमधलं सायमन्स केंद्र आणि चेन्नईची गणिती विज्ञान संस्था ही नावं आधी पाहावीत. आणि पुण्यातल्यांनी तर पाषाण रस्त्याकडं पाहावं. तिथली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था म्हणजे मॉडेल करणाऱ्यांचं गावच. भारताच्या हवामान अंदाजासाठी सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' याच संस्थेनं विकसित केली आणि ती मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. अशा कामाला नुसते हवामानतज्ज्ञ पुरत नाहीत. प्रवाहांचं गणित जाणणारे आणि महासंगणकावर मोठमोठ्या आज्ञावली चालवणारेही लागतात.

तिसरी तऱ्हा अशी की पैसे तुमच्या नावावर येतात आणि ते घेऊन तुम्ही आवडीच्या संस्थेत जाता. युरोपातली मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली असते. पीएच.डी.नंतर आठ वर्षांच्या आतली माणसं तिला चालतात. पण एक अट लक्षात ठेवावी. ज्या देशात जायचं तिथं शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेलं नसावं. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप, जपानची जेएसपीएस याच जातीच्या. आपल्याकडं राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. ती पूर्वी एसईआरबी ही संस्था देत असे, आता २०२३ च्या कायद्यानं झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं. मुदत दोन वर्षं, वयाची अट ३५. महिला, मागासवर्गीय आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत.

विषय बदलणाऱ्यांसाठी मुद्दाम ठेवलेल्या फेलोशिपही आहेत, हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची 'क्रॉस-डिसिप्लिनरी' फेलोशिप तीन वर्षांची असते. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, अभियांत्रिकी किंवा संगणकात पीएच.डी. करून जीवशास्त्राकडं येणाऱ्यांनाच ती मिळते. श्मिट सायन्स फेलोशिपची अटच अशी की पीएच.डी.च्या विषयापासून दूर जावं. मात्र तिथं स्वतः अर्ज करता येत नाही, ठरलेल्या विद्यापीठांनी नाव सुचवावं लागतं.

शोधताना सगळ्यात मोठी अडचण येते ती शब्दांची. भाचीनं पहिले दोन महिने 'मॉडेलिंग' या एका शब्दावर शोध घेतला आणि हाती फारसं लागलं नाही. कारण हेच काम प्रत्येक विषयात वेगळ्या नावानं वावरतं. रसायनात ते 'कॉम्प्युटेशनल' होतं, परिसरविज्ञानात 'थिअरेटिकल', जीवशास्त्रात 'क्वांटिटेटिव्ह', अभियांत्रिकीत 'सिम्युलेशन', रोगांच्या अभ्यासात 'ट्रान्समिशन डायनॅमिक्स'. एकाच माणसाला माहेरी एक आणि सासरी दुसरं नाव असावं तसं. ही नावं समजल्यावर युराक्सेस, जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, गणितासाठी मॅथजॉब्ज, खगोलासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची जागांची यादी, या ठिकाणी तिला कितीतरी जागा दिसू लागल्या. प्रत्येक विषयाचा हंगामही असतो. खगोल आणि सैद्धांतिक भौतिकीच्या बऱ्याच जागा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात आणि काम सुरू होतं पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास. प्रबंध सादर केल्यावर शोधायला बसलं की आख्खं वर्ष हातातून जातं. शोध प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधी लागायला हवा.

दुसरा रस्ता निबंधांचा. १९९१ पासून चालत आलेल्या 'आर्काइव्ह' या खुल्या भांडारात भौतिकी, गणित आणि गणिती जीवशास्त्रातले ताजे निबंध फुकट वाचायला मिळतात. जो निबंध वाचून 'हे मीही करू शकेन, आणि इथं मला एक गोष्ट पटत नाही' असं वाटेल, त्याच्या लेखकांची नावं वहीत टिपायची. ज्यांना पत्रं लिहायची, त्यांची यादी इथंच तयार होते.

पत्राच्या बाबतीत माझा थोडाफार उपयोग झाला. भाचीचा पहिला मसुदा दीड पानांचा होता. पहिला परिच्छेद समोरच्याच्या थोरवीचा, दुसरा स्वतःच्या पदव्यांचा, आणि काम काय करणार ते शेवटच्या दोन ओळींत. मी तिला म्हटलं, "बेटा, मुशायऱ्यात शायर प्रस्तावनाच करत बसला तर लोक पान खायला बाहेर जातात." मग सहा वाक्यांचं पत्र झालं. मी कोण, मला काय करता येतं, तुमच्या अमुक निबंधातला कुठला प्रश्न मला खुणावतो, माझी रीत तिथं कशी लागेल, पैशांची सोय कुठल्या फेलोशिपमधून होऊ शकेल, आणि वीस मिनिटं बोलता येईल का. सोबत बायोडेटा, एक निबंध आणि तिनं लिहिलेल्या आज्ञावलीचा दुवा. मॉडेल करणाऱ्याची आज्ञावली म्हणजे गवयाचा गळा. ती उघडी ठेवली की समोरच्याला पारख करता येते. शिवाय शिफारसपत्रं लागतात, बहुधा तीन. ती एकट्या गाइडकडून होत नाहीत, म्हणून पीएच.डी. चालू असतानाच आणखी दोन जाणत्यांना आपलं काम दाखवून ठेवावं. तिनं चौदा पत्रं पाठवली. पाच उत्तरं आली. त्यातली तीन नकाराची, पण सभ्य. दोघांनी बोलायला वेळ दिला.

आता नाण्याची दुसरी बाजू. नव्या विषयातली माणसं बाहेरून आलेल्या गणितवाल्याकडं थोड्या धास्तीनं पाहतात, आणि त्यात चूक नाही. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं नेमलेल्या समितीनं प्रतिमानाच्या आधारे सांगितलं, की कोरोनाचा कळस होऊन गेला आहे आणि खबरदारी चालू ठेवली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. पुढं एप्रिल आणि मे २०२१ मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी सोसलं आहे. स्मशानांत आणि कब्रस्तानांत जागा पुरत नव्हत्या. समीकरणाची बेरीज चुकली असं नाही. विषाणू बदलेल, माणसांची वागणूक बदलेल, किती जणांना आधीच लागण होऊन गेली आहे याचा अदमास चुकेल, या गोष्टी समीकरणाच्या बाहेर राहिल्या. प्रतिमान जे धरून चालतं, तेवढंच त्याला दिसतं. म्हणून नव्या विषयात जाणाऱ्यानं पहिले सहा महिने त्या विषयाची भाषा शिकावी, आकडे गोळा करणाऱ्यांबरोबर फिरावं. ढगांवर काम करायचं तर ढगांत विमान नेणाऱ्यांशी बोलावं, रोगांवर करायचं तर आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंशी.

जागा मिळाली म्हणजे लगेच हो म्हणावं असंही नाही. भाचीनं विचारलेले प्रश्न मी तिच्या वहीतून उतरवून घेतले आहेत. मुदत किती, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे आज हातात आहेत की यायचे आहेत? आकडे कुणाकडं आहेत आणि ते मला मिळतील का? गटात त्या विषयाचा जाणकार कोण? मला स्वतःचा प्रश्न हाताळायला आठवड्यातून किती वेळ मिळेल? माझ्या आधीचे पोस्टडॉक आज कुठं आहेत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला तर सावध व्हावं. परदेशी जायचं असेल तर व्हिसाचे नियम त्या महिन्यात काय आहेत ते पाहावं. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. पोस्टडॉक पुष्कळदा जे-१ या वेगळ्या व्हिसावर जातात, पण नेमकी कागदपत्रं कुठली हे संस्थेला आधी विचारून घ्यावं.

आणि आपाच्या 'त्यानंतर काय?' या प्रश्नाचं काय? तो प्रश्न रास्त आहे. कायम जागा कमी, उमेदवार पुष्कळ. पोस्टडॉक संपला की प्राध्यापकी मिळेलच याची हमी कुणी देत नाही. एकामागून एक पोस्टडॉक करत चाळिशीला आलेली हुशार माणसं आहेत. त्यांच्या पगारात भविष्यनिर्वाह निधी नसतो आणि लग्न, मूल, घर हे सगळं पुढं ढकललेलं असतं. मुलींवर तर याचा भार दुप्पट पडतो, कारण फेलोशिपच्या वयाची अट आणि नातेवाइकांच्या प्रश्नांचा जोर एकाच वेळी वाढत जातो. म्हणून आरंभीच एक वर्ष ठरवून टाकावं. इतके दिवस करीन, मग दुसरी वाट.

दुसरी वाट आहे, हे मॉडेल करणाऱ्याचं नशीब. हवामान, विमा, औषधं, वीज, बँका अशा कितीतरी धंद्यांत हे काम लागतं. जॉन जम्पर यांचं उदाहरण घ्या. शिक्षण आधी भौतिकीचं, मग सैद्धांतिक रसायनाचं. मधे विद्यापीठाबाहेरच्या एका संशोधन कंपनीत प्रथिनांच्या हालचालींचं संगणकी काम, पीएच.डी.नंतर डीपमाइंडमध्ये. प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या प्रणालीसाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना डेमिस हसाबिस आणि डेव्हिड बेकर यांच्यासह मिळालं. सगळ्यांनाच नोबेल मिळणार नाही, पण विद्यापीठाच्या फाटकाबाहेर विज्ञान संपत नाही, एवढं यातून दिसतं. यंत्राला आकड्यांवरून शिकवण्याची विद्या आता पुष्कळ जाहिरातींत मागतात. ती जरूर शिकावी, पण समीकरण समजून घेण्याची सवय सोडू नये.

भाचीला ढगांवर काम करणाऱ्या एका गटात दोन वर्षांची जागा मिळाली. नदीच्या तळाशी बसणारा कण सोडून ती आता ढगातून पडणाऱ्या थेंबाच्या मागं आहे. पुढं काय, ते दोन वर्षांनी कळेल. ते तिला ठाऊक आहे आणि आता आपालाही ठाऊक आहे.

पालकांना माझं सांगणं इतकंच. आपलं लेकरू अशा वाटेवर असेल तर 'नोकरी कधी?' हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्या आधी 'तू कुठला प्रश्न सोडवतोयस?' हेही विचारा आणि ते सांगेल ते अर्धा तास नीट ऐका. आपल्याला कळेल अशा भाषेत त्याला सांगता आलं, तर परक्या विषयातल्या प्राध्यापकालाही ते सांगू शकेल. आणि या शोधात निम्मं काम तेच असतं.